‘घरीच असते’ हे उत्तर कोणत्या रकान्यात लिहायचं?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: समाजशास्त्रात एमए झालंय, पीएचडीचा आराखडा द्यायचाय, विषय आहे घरी बसून नगावर मजुरीचं शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया. अर्थशास्त्र विभागात गेलं की आकडे मागतात. इतिहासाचे लोक विचारतात, हे आजचंच आहे का? आरोग्यशास्त्रात पाठदुखीची प्रश्नावली हातात ठेवली, आणि स्त्री-अभ्यासाच्या केंद्रात सांगितलं की आधी सिद्धान्त वाचा. ‘सगळं वाचत बसले तर तीन वर्षं त्यातच जातील, थोडं थोडं घेतलं तर प्रबंध ठिगळांचा होईल. सुरुवात कुठून करू? आणि दोन विभागांचे दोन मार्गदर्शक घ्यावेत का?’

वाचन फार आहे हे खरंच, पण तुम्ही अडकलाय ते वाचनामुळे नाही. हे चारही विभाग तुम्हाला चार विषय सांगत नाहीयेत. एकाच बाईबद्दल बोलताना प्रत्येकजण वेगळं एकक धरतोय. अर्थशास्त्र कुटुंब मोजतं किंवा कामाचा तास मोजतं. आरोग्यशास्त्र शरीर मोजतं. इतिहासाला नोंद लागते, कायद्याला दर्जा लागतो – ही कामगार की स्वयंरोजगारी? आणि प्रत्येक एककाच्या पोटात कुणीतरी दडलेलं असतं. आंतरविद्याशाखीय अभ्यास म्हणजे ही एककं एकावर एक रचणं असं समजलं की प्रबंध ठिगळांचा होतोच. एका शाखेच्या एककात कोण दडलंय ते दुसरीच्या मदतीने उघडून बघायचं, एवढंच काम करायचं. पुरावा एका शाखेच्या शिस्तीने उभा करायचा, शंका दुसरीकडून उसनी आणायची.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. विद्यापीठाचे नियम एकाच शाखेतली पदवी देतात की आंतरविद्याशाखीय, तुम्हाला संख्याशास्त्र किती येतं, वस्तीत ओळखी आहेत की शून्यातून सुरुवात आहे, आणि शिष्यवृत्ती किती महिन्यांची – यांवर पुढचं बरंच ठरेल. संख्याशास्त्र बेताचं असेल तर चारशे जणींचं सर्वेक्षण हाती घेऊ नका. तीस जणींच्या मुलाखती आणि त्यांच्या वेळेच्या नोंदी नीट केल्यात तर प्रबंध त्याहून भक्कम होईल.

पहिलं काम शब्दांचं. मराठीत ‘लिंग’ हा एकच शब्द व्याकरणात, शरीरशास्त्रात आणि फॉर्मवरच्या रकान्यात चालतो. समाजाने ठरवलेल्या स्त्रीपणा-पुरुषपणासाठी आपण ‘लिंगभाव’ वापरतो, पण तक्त्यात आलं की पुन्हा ‘लिंग: स्त्री/पुरुष’ एवढंच उरतं. ज्या रकान्यातून माहिती आली तो कसा भरला गेला, ते पहिल्याच प्रकरणात लिहून टाका. बाईने स्वतः सांगितलं? घरातल्या दुसऱ्याने सांगितलं? नोंद करणाऱ्याने नाव किंवा आवाज ऐकून ठरवलं? या तीन गोष्टी एक नाहीत. मी तक्त्यांच्या शीर्षकात ‘नोंदवलेलं लिंग’ असं लिहिते. वाचायला जरा अवघड वाटतं, पण परीक्षकाचा निम्मा आक्षेप तिथेच मावळतो.

हा फरक नुसता शब्दांचा नाही, हे औषधांच्या क्षेत्रात स्पष्ट दिसतं. झोल्पिडेम हे झोपेचं औषध अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झालं. २०१३ मध्ये तिथल्या औषध नियामकाने साध्या गोळीसाठी स्त्रियांना सुचवलेला डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणला, कारण तेवढ्याच डोसनंतर सकाळी स्त्रियांच्या रक्तात औषध जास्त उरत होतं. मधली वीस वर्षं पुरुष आणि स्त्री यांना एकच आकडा लागू होता. पण इथेच दुसरी चूकही होऊ शकते. रक्तातलं प्रमाण जास्त, म्हणून सकाळी गाडी चालवण्यातली चूकही त्याच प्रमाणात जास्त, असं आपोआप ठरत नाही. ते वेगळं मोजावं लागतं. लिंगभेद दिसला की त्याचं कारण सापडलं, असं समजायचं नाही. तिथून फक्त शोध सुरू होतो.

आता तुमच्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ: कामाची मोजणी. प्रश्नावलीत ‘तुम्ही काम करता का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘नाही, घरीच असते.’ तीच बाई त्या दिवशी चाळीस नग शिवून मोकळी झालेली असते. ती खोटं बोलत नाहीये. ‘काम’ या शब्दाचा तिच्या घरातला अर्थ बाहेर जाऊन करायचं ते, असा आहे. म्हणून हा प्रश्न एका वाक्यात कधीच विचारू नका. आधी कृतींची यादी वाचून दाखवा: कापणं, शिवणं, काज-बटण, धागे तोडणं, घडी घालणं, माल आणणं-पोचवणं. प्रत्येकीला विचारा, गेल्या सात दिवसांत हे केलं का, किती वेळ, पैसे कुणी दिले, कुणाच्या हातात दिले. शेवटचा भाग विसरला जातो आणि बऱ्याचदा सगळ्यात जास्त सांगून जातो.

व्याख्या कोणती घ्यायची हेही ठरवावं लागतं. २०१३ मध्ये कामगार-सांख्यिकीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘काम’ आणि ‘रोजगार’ वेगळे केले. वस्तू बनवणारी किंवा सेवा पुरवणारी कोणतीही कृती म्हणजे काम, मग ती स्वतःच्या घरासाठी का असेना. मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम म्हणजे रोजगार. संदर्भ-आठवड्यात एक तास जरी मोबदल्याचं काम केलं तरी व्यक्ती रोजगारात धरली जाते. २०१८ मध्ये त्याच परिषदेने आणखी एक वर्ग मान्य केला: अवलंबून असलेले कंत्राटी कामगार. कागदावर हे स्वतंत्र, पण काम, दर किंवा बाजारपेठ यांसाठी दुसऱ्यावर अवलंबून. तुमच्या बऱ्याच स्त्रिया याच वर्गात बसतील. जुनी आकडेवारी वापरणार असाल तर हा वर्ग तिथे नसेल आणि त्या ‘स्वयंरोजगारी’ किंवा ‘कौटुंबिक मदतनीस’ या रकान्यात जाऊन बसलेल्या असतील. दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करण्याआधी दोन्ही वर्षांच्या व्याख्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. आलेखात दिसणारी वाढ किंवा घट कधी कधी निव्वळ व्याख्येची असते.

वेळ मोजण्यासाठी रोजनिशी-पद्धत उत्तम. दिवसाचे १०, १५ किंवा ३० मिनिटांचे टप्पे पाडतात आणि प्रत्येक टप्प्यात काय चाललं होतं ते लिहितात. तुमच्या विषयासाठी अर्ध्या तासाचा टप्पा मोठा पडेल, कारण नगावरचं काम तुकड्यातुकड्यांत होतं: दहा मिनिटं मशीन, मग मूल उठलं, मग पुन्हा वीस मिनिटं. पंधरा मिनिटांचा टप्पा घ्या आणि शेजारी ‘त्याच वेळी आणखी काय?’ असा दुसरा रकाना ठेवा. तो नसेल तर मूल सांभाळणं जवळजवळ गायब होतं, कारण ते कायम दुसऱ्या कामाच्या जोडीने चालतं. मात्र दोन्ही रकान्यांची बेरीज करून दिवस तीस तासांचा करू नका. मुख्य कृतींची बेरीज २४ तासच यायला हवी. प्रत्येकीचा किमान एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस घ्या. माल पोचवायच्या आदल्या दिवसाची वेगळी नोंद मिळाली तर सोन्याहून पिवळं. जिला लिहायची सवय नाही तिच्याकडून ‘कालचा दिवस’ तोंडी भरून घ्या, पण कालचाच. परवाच्या दिवसाची आठवण विश्वासार्ह राहत नाही.

मजुरीचं गणितही इथेच चुकतं. नगाचा दर गुणिले नग, याला उत्पन्न म्हणू नका. त्यातून नाकारलेले नग वजा करा, दोरा, सुया, वीज, मशीनची दुरुस्ती, माल नेण्या-आणण्याचा खर्च वजा करा. मग जे उरेल त्याला एकूण तासांनी भागा, आणि त्या तासांत मुलीने धागे तोडले तो वेळ, नवऱ्याने माल पोचवला तो वेळही धरा. हा तासाचा निव्वळ दर काढल्याशिवाय कारखान्यातल्या मजुरीशी तुलना करू नका. मशीन कुणाची, हेही लिहून ठेवा. उधारीवर घेतली असेल तर हप्ता हा खर्च की गुंतवणूक, असा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो.

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या एककावर, म्हणजे ‘कुटुंबा’वर, शंका घ्यायला शिका. कुटुंबाचं उत्पन्न एका पिशवीत येतं आणि सगळ्यांना सारखं पोचतं, हे गृहीतक बरीच वर्षं चाललं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये मुलांसाठीची करसवलत, जी बहुधा वडिलांच्या पगारात दिसायची, ती जाऊन थेट आईला मिळणारा भत्ता आला. पुढे अर्थतज्ज्ञांनी खर्चाची आकडेवारी तपासली तेव्हा पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत स्त्रियांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. पैसा कुणाच्या हातात आला त्यावर त्याचा खर्च बदलला, म्हणजे पिशवी एक नव्हती. ‘पैसे कुणाच्या हातात दिले’ हा प्रश्न मी वर का घातला, ते आता कळेल. अमर्त्य सेन यांनी याच्या पुढची गोष्ट मांडली: घरात कुणाचं किती चालतं हे कमाईवर ठरतंच, पण ती कमाई घरातल्यांना ‘योगदान’ वाटते का, यावरही ठरतं. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी आंध्र प्रदेशातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तुम्ही वाचायलाच हवा. परदेशी बाजारात जाणारा माल बनवणाऱ्या या बायका गृहिणीच समजल्या जात होत्या आणि त्यांची मजुरी फावल्या वेळची. तुमचा विषय अगदी याच जातीचा आहे, त्यामुळे ‘यावर आधी काही झालं नाही’ असं वाक्य आराखड्यात चुकूनही लिहू नका.

स्त्री-पुरुष मजुरीतल्या तफावतीचं विश्लेषण करायचं ठरवलंत तर एक सापळा सांगून ठेवते. तफावतीचे ‘स्पष्ट होणारा’ आणि ‘स्पष्ट न होणारा’ असे दोन भाग पाडण्याची एक रूढ पद्धत आहे. १९७३ मध्ये वाहाका आणि ब्लाइंडर या अर्थतज्ज्ञांनी ती वेगवेगळी मांडली. शिक्षण, अनुभव, व्यवसाय हे घटक टाकले की स्पष्ट होणारा भाग वाढतो, आणि विद्यार्थी आनंदाने लिहितात की भेदभाव फार थोडा आहे. पण मशीनवरचं काम पुरुषांना आणि धागे तोडण्याचं बायकांना, ही वाटणीच भेदभावाची असेल तर ‘व्यवसाय’ हा घटक टाकून तुम्ही ती झाकली. गणिताने स्पष्ट होणारी तफावत न्याय्यही असते, असं नाही. निदान दोन तक्ते द्या, एक व्यवसाय धरून आणि एक न धरून, आणि दोन्हींतला फरक स्वतःच्या शब्दांत समजावा.

आरोग्याची प्रश्नावली तुम्हाला मिळालीय ती बहुधा १९८७ची नॉर्डिक प्रश्नावली असेल: शरीराचे नऊ भाग, गेल्या बारा महिन्यांत त्रास झाला का, गेल्या सात दिवसांत झाला का. चांगलं साधन आहे, वापरा. फक्त ‘शिवणकाम’ हा एकच व्यवसाय म्हणून लिहू नका. कॅनडातल्या कॅरन मेसिंग यांनी वर्षानुवर्षं दाखवलंय की एकाच पदनामाखाली स्त्रिया आणि पुरुष प्रत्यक्षात वेगवेगळ्या हालचाली करत असतात. पदनाम सारखं धरून मग दुखणं स्त्रियांत जास्त दिसलं की दोष त्यांच्या शरीरावर जातो. म्हणून हालचाली लिहा: किती वेळ मान खाली, बसायला काय आहे, मशीनची उंची किती, पाय पॅडलवर किती वेळ, कात्री किती वजनाची. त्याच हातांनी दिवसात आणखी काय उचललं जातं, तेही लिहा. खांदा शिवणकामाने दुखतो की पाणी भरण्याने, हे एका रकान्यावरून कळत नाही. आकडेवारीत ‘लिंगासाठी समायोजन केलं’ असं वाक्य दिसलं तर थांबा. समायोजन केलं म्हणजे लिंगाचा परिणाम बाजूला काढला. तुम्हाला तर तोच बघायचाय. स्त्रियांचा आणि पुरुषांचा तक्ता वेगळा मांडा. तुमच्या अभ्यासात पुरुष नसतील तर स्त्रियांमध्येच कामाच्या प्रकाराप्रमाणे तुलना करा. पुरुष नसले म्हणून लिंगभावाचा अभ्यास अपुरा राहतो, असं नाही.

जाता जाता एक: प्रयोगशाळेत अनेक वर्षं नर उंदीरच वापरले जात, कारण मादींच्या चक्रामुळे मोजमापं फार हलतात असं मानलं जाई. २०१४ मध्ये २९३ शोधनिबंधांतली आकडेवारी एकत्र तपासली गेली, तेव्हा मादी उंदीर नरांपेक्षा जास्त बदलते निघाले नाहीत. सोय म्हणून सुरू झालेलं गृहीतक न मोजताच नियम होऊन बसतं. तुमच्या शाखेतलं असं एखादं गृहीतक शोधून त्यावर दोन पानं लिहिलीत तर ती प्रबंधातली सगळ्यात चांगली पानं ठरतील.

इतिहासाच्या लोकांचा प्रश्न – हे आजचंच आहे का – टाळू नका, पण त्यासाठी वेगळं प्रकरण लिहायची गरज नाही. नोंदीकडे कसं बघायचं एवढं त्यांच्याकडून घ्या. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्या कामाचा मोठा भाग हाच होता: जुन्या अमेरिकी नोंदींत विवाहित स्त्रीच्या व्यवसायापुढे नुसतं ‘पत्नी’ लिहिलेलं असे, आणि शेतात किंवा घरगुती उद्योगात ती जे करत होती ते मोजणीतून निसटत असे. त्यांनी इतर स्रोत जोडून तो आकडा दुरुस्त केला. तुमच्याकडे असे इतर स्रोत म्हणजे माल वाटणाऱ्याची वही, उधारीची नोंद, कामगार न्यायालयातले अर्ज. फक्त अर्जातलं वाक्य बाईचं नसतं, कारकुनाचं असतं, हे लक्षात ठेवा. ‘मी अबला असून माझ्यावर कुटुंबाचा भार आहे’ असं वाक्य दहा अर्जांत सारखंच दिसलं तर तो अर्जलेखकाचा साचा आहे. तो साचा मात्र पुरावा म्हणून वापरता येतो: दयेची मागणी कशी केली की ऐकली जाते, हे त्यातून कळतं.

नोंद आणि गृहीतक यांच्या गुंत्याचं माझ्या मते सगळ्यात शिकवणारं उदाहरण पुरातत्त्वातलं आहे. स्वीडनमधल्या बिरका या व्हायकिंगकाळातल्या वसाहतीत १८७८ मध्ये एक थडगं उघडलं: तलवार, कुऱ्हाड, बाण, ढाली, दोन घोडे. शस्त्रं आहेत म्हणून योद्धा, योद्धा आहे म्हणून पुरुष. हाडं पाहणाऱ्यांनी पुढे शंका घेतली, आणि २०१७ मध्ये डीएनए तपासणीत सांगाडा स्त्रीचा निघाला. पहिला धडा सगळे सांगतात: वस्तूंवरून लिंग आणि लिंगावरून वस्तूंचा अर्थ, असं वर्तुळ करू नका. दुसरा धडा कमी सांगितला जातो. डीएनएने शरीर सांगितलं. ती बाई लढत होती का, आणि त्या समाजात तिला काय मानलं जात होतं, हे डीएनए सांगत नाही. पुरुष समजत होते तोवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, स्त्री निघाल्यावर लगेच विचारला गेला, हेही नोंदवण्याजोगं आहे. दोन्ही वेळा एकाच दर्जाचा पुरावा मागायला हवा.

कायद्याकडून एकच गोष्ट घ्या, पण ती नीट घ्या. १९९६च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १७७व्या करारात घरी काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे: मालकाच्या जागेबाहेर, मोबदल्यासाठी, मालक सांगेल तसा माल बनवणारी किंवा सेवा देणारी व्यक्ती, मग साधनं आणि कच्चा माल कुणीही देवो. तुमची बाई या व्याख्येत बसते आणि कागदावर ‘स्वयंरोजगारी’ आहे, या दोन वाक्यांमधल्या फटीत तुमचं एक प्रकरण आहे.

अमेरिकी कायदेअभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये इंटरसेक्शनॅलिटी, म्हणजे लिंग, वंश असे भेद एकाच व्यक्तीत एकत्र येतात तेव्हा होणारा अन्याय वेगळा बघायचा, ही संकल्पना मांडली, तीही एका खटल्याच्या आधाराने. एका मोटार कंपनीविरुद्ध काही कृष्णवर्णीय स्त्रियांनी दावा केला होता, निकाल १९७६चा. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं पडलं: कंपनीने स्त्रियांना घेतलंय, मग लिंगाचा भेदभाव नाही, वंशाचा दावा कृष्णवर्णीय पुरुषांच्या दाव्याबरोबर लढवा. घेतलेल्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि घेतलेले कृष्णवर्णीय पुरुष होते. दोन तक्ते बरोबर, दोन्हींच्या छेदातला चौकोन रिकामा. ही संकल्पना प्रस्तावनेत फुलासारखी वाहून पुढे विसरण्याची रीत पडलीय. ती वापरायची तर तक्ता छेदून दाखवा. आणि इथे आकारमानाची अडचण येते: नमुना ४०० जणींचा, त्याचे कामाचे ४ प्रकार, वैवाहिक स्थितीचे ३ आणि सामाजिक गटाचे २ असे भाग पाडले की २४ चौकोन होतात आणि एकेकात सरासरी जेमतेम १७ जणी येतात, काहींत दोन-तीनच. तेवढ्यावर टक्केवारी काढणं हास्यास्पद आहे. आधी ठरवा की तुमच्या प्रश्नासाठी कोणता एक छेद अटळ आहे. त्या चौकोनातल्या स्त्रिया मुद्दाम जास्त निवडा आणि बाकीचे छेद मुलाखतींवर सोपवा.

मानसशास्त्राची मापनपट्टी उचलून आणण्याचा मोह होईल, आवरा. पुरुषीपणा-बायकीपणा मोजणारी सँड्रा बेम यांची १९७४ची पट्टी ६० विशेषणांची आहे, २० पुरुषी, २० बायकी, २० तटस्थ, आणि कोणतं विशेषण कशात जातं हे त्या काळच्या अमेरिकी विद्यार्थ्यांना विचारून ठरवलेलं आहे. तिचं मराठी भाषांतर करून गुण काढले तर काय मोजलं, हे कुणालाच सांगता येणार नाही. दुसऱ्यांचे मानसशास्त्रीय निष्कर्ष वाचताना ‘फरक लक्षणीय आहे’ एवढ्यावर थांबू नका, आकार बघा. प्रमाणित फरक (सरासरींमधला फरक भागिले प्रमाण विचलन) ०.२ असेल तर दोन गटांचे आलेख सुमारे ९२ टक्के एकमेकांवर पडतात, ०.५ असला तरी ८० टक्के.

भाषेबद्दल तर एवढंच: बायका चाचरत, ‘म्हणजे’, ‘तसं बघायला गेलं तर’ असं बोलतात, हे लिंगाचं लक्षण की दर्जाचं? १९८०च्या सुमारास ओबार आणि अ‍ॅटकिन्स यांनी अमेरिकेतल्या न्यायालयीन साक्षी तपासल्या, तेव्हा तथाकथित ‘बायकी भाषा’ सामाजिक दर्जा आणि न्यायालयाचा अनुभव यांच्याशी जास्त जुळली. तज्ज्ञ म्हणून आलेल्या स्त्रियांत ती कमी होती, कमी दर्जाच्या पुरुषांत होती. मुलाखतीत बाई कमी बोलली तर कारण तिच्या स्वभावात शोधण्याआधी खोलीत कोण होतं ते बघा. मुलाखतीच्या कागदावर ‘उपस्थित’ असा रकाना ठेवाच. सासू, नवरा किंवा माल वाटणारा शेजारी बसलेला असेल तर दर, मारहाण, दुखणं यांवरची उत्तरं बदलतात. ती फेकू नका, खूण करून ठेवा आणि जमल्यास त्याच बाईला पुन्हा एकटी असताना भेटा.

आता जुळवणी. घरची शाखा एकच ठरवा, आणि तुमच्या बाबतीत ती समाजशास्त्रच असू द्या, कारण तुमचे परीक्षक तिथले असतील. मग पहिले दोन महिने सिद्धान्ताच्या मागे न लागता पाच शाखांतून प्रत्येकी सहा-सात, असे तीसेक लेख निवडा आणि प्रत्येकाला चार प्रश्न विचारून एकाच मोठ्या तक्त्यात भरा: एकक काय धरलंय, माहिती कुणी कुणाबद्दल नोंदवली, तुलना कुणाशी केलीय, आणि काय आढळलं असतं तर लेखकाला आपलं म्हणणं सोडावं लागलं असतं. चौथ्याचं उत्तर सापडत नसेल असे लेख बरेच निघतील. त्यांतल्या कल्पना घ्या, त्यांना पुरावा म्हणू नका. दुसऱ्या प्रश्नाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचलात की तुमचा प्रबंध-प्रश्न बहुधा तिथेच दिसेल. सिद्धान्त त्यानंतर वाचा, म्हणजे काय हवंय ते माहीत असेल.

मग ८–१० जणींची चाचणी-फेरी. तिचा उपयोग माहिती गोळा करायला नाही, प्रश्न मोडायला आहे. किती प्रश्नांना ‘तेच ते’ असं उत्तर आलं ते मोजा. मुख्य मुलाखती किती, यावर सगळे एक आकडा फेकतात: बारा. तो २००६च्या एका अभ्यासातून आलाय, घाना आणि नायजेरियातल्या ६० स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला. बहुतेक मुद्दे पहिल्या बारा मुलाखतींत येऊन गेले होते. पण तिथे गट बराचसा एकसारखा होता आणि विषयाचा आवाका मर्यादित. तुमच्याकडे कामाचे तीन-चार प्रकार असतील तर पंचवीस-तीस धरा. एक तासाच्या ध्वनिमुद्रणाच्या लेखनाला चार ते सहा तास लागतात, बोली वेगळी असेल तर त्याहून जास्त. तीस मुलाखतींचं हे गणित वेळापत्रकात न धरल्यानेच बहुतेकांचं दुसरं वर्ष वाया जातं.

शेवटी आकडे आणि मुलाखती एकमेकांशी भांडतील. प्रश्नावली म्हणेल दोन तास काम, रोजनिशी म्हणेल साडेपाच, आणि बाई म्हणेल ‘दिवसभर’. सरासरी काढू नका आणि एकीला खोटंही ठरवू नका. आधी बघा, संदर्भकाळ एकच होता का, उत्तर कुणी दिलं, ‘काम’ या शब्दाची व्याप्ती तिन्ही ठिकाणी सारखी होती का. सगळं जुळूनही फरक उरला तर तो फरकच तुमचा निष्कर्ष. दोन तास म्हणजे घर ज्याला काम मानतं ते, साडेपाच म्हणजे हात चालले ते, आणि ‘दिवसभर’ म्हणजे कधीही मशीनवरून उठावं लागेल अशा अवस्थेत काढलेला वेळ. या तीन आकड्यांमधली अंतरं कोणत्या स्त्रियांत मोठी आणि कोणत्यांत छोटी, हे तपासलंत की प्रबंधाचं मधलं प्रकरण उभं राहतं.

दोन मार्गदर्शकांबद्दल: नियमात बसत असेल तर सहमार्गदर्शक जरूर घ्या, पण ‘दृष्टिकोनासाठी’ नको. कोणत्या प्रकरणातलं कोणतं तंत्र ते तपासणार – वेळेच्या नोंदींचं विश्लेषण किंवा दुखण्यांचे तक्ते – हे आराखड्यातच लिहून दोघांची सही घ्या. दोघांचं मत फाटलं तर शेवटचा शब्द घरच्या शाखेच्या मार्गदर्शकाचा, हेही तिथेच ठरू द्या. सहमार्गदर्शक मिळालाच नाही तर त्या शाखेतल्या एखाद्याला फक्त प्रश्नावली आणि रिकामे तक्ते दाखवून आणा, माहिती गोळा करायच्या आधी. नंतर दाखवलेत तर ते चूक दाखवतील आणि तुम्हाला ती दुरुस्त करता येणार नाही.